सालमेला-९

आर्वो केटोलाच्या गॅरेजात लाकूड कोरायचं मशीन होतं आणि मशीनशेजारी खिळ्याला दोरीने टांगलेली एक वही. दोन्ही चौदा वर्षांची. आर्वोने उभा जन्म काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, बर्फ काढायचे ट्रक दुरुस्त करण्यात घालवला होता, आणि ज्या यंत्राची वही नाही ते यंत्र बेवारशी, असं त्याचं ठाम मत होतं. तेल कधी घातलं, फळी पुढेमागे सरकवणारे रबरी पट्टे कधी बदलले, भुसा कधी झाडला, सगळं वहीत. त्याची बायको गेली त्या आठवड्यातही नोंद आहे: ‘डावं बेअरिंग नवं घातलं. मशीन बरोबर.’ प्रत्येक नोंदीच्या शेवटी हे दोन शब्द असायचेच. बरोबर आहे की नाही हे मोजून बघायच्या भानगडीत मात्र तो कधी पडला नाही. मोजायला ओन्नी होता.

ओन्नी सालमेला खाणीवर मोजणीदार होता. खाण बंद पडली, पण खिशातली स्टीलची फूटपट्टी काही सुटली नाही. दर मंगळवारी सकाळी तो बायकोने, म्हणजे लेम्पीने, भाजलेला वेलदोड्याचा पाव घेऊन यायचा. पाटीवरची इंग्रजी अक्षरं तो घरी कॉम्प्युटरवर आखायचा, छोट्याशा कार्डावर घालून आणायचा, आर्वो ते कार्ड मशीनला लावायचा. पाटी कोरून झाली की ओन्नी तिच्यावर वाकून फूटपट्टी आडवी धरायचा, उभी धरायचा.

“काय मोजतोस रे एवढं? खाण बंद होऊन वीस वर्षं झाली.”

“सवय,” ओन्नी म्हणायचा, आणि पाव कापायला घ्यायचा.

हे दोघं गावच्या बंबखान्यात तीस वर्षं बिनपगारी आगी विझवत होते. तिथली रीत अशी, की असा एखादा माणूस गेला की त्याच्या नावाची चेरीच्या लाकडाची पाटी भिंतीवर लागते. तेरा पाट्या लागल्या होत्या, तेराही ओन्नीने आखलेल्या आणि आर्वोच्या मशीनने कोरलेल्या.

पहिल्याच वर्षी केव्हातरी आर्वोने ओन्नीचं एक कार्ड स्वतःच्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिलं होतं. पडद्यावर जॉन्सनच्या नावातला ओ किंचित का होईना, अंड्यासारखा होता, आडवा पडलेला. पाटीवर मात्र तोच ओ ताटलीसारखा गोल. आर्वोला आयुष्यभर पुरेल अशी थट्टा सापडली. बंबखान्याच्या हॉलातल्या शुक्रवारच्या मासे-जेवणाला सगळ्या गावादेखत तो म्हणाला, “तीस वर्षं जमीन मोजली गड्याने, आणि साधा गोल काढता येत नाही! माझं मशीन आहे म्हणून निभावतं. ते बिचारं याचं वाकडं सरळ करून घेतं.”

हॉल हसला. ओन्नीही हसला. पुढे दर पाटीला हे व्हायचं, आणि लोक वाटच बघायचे. मशीन वाकडं सरळ कसं करेल, हा प्रश्न ज्याने चाळीस वर्षं यंत्रं खोलली त्याला पडायला हवा होता. पण थट्टेला कोणी पुरावा मागत नाही, आणि तिच्यावर हशा मिळत असेल तर ती करणाराही मागत नाही.

ओन्नीच्या फायलींचे आकडेही थट्टेचेच. नावापुढे तो एक आकडा टाकायचा: जॉन्सन-२, पेल्टो-४, मॉर्टन-७, मग मध्येच लिंडक्विस्ट-३. “मास्तर, सातानंतर तीन येतात का हो?” आर्वो विचारायचा. ओन्नी कॉफी ढवळत राहायचा.

नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीच्या हंगामात, ओन्नी शिकारीला न जाता गॅरेजात आला. काखेत चेरीची फळी. त्याच्या जंगलातल्या झोपडीपाशी वादळात पडलेल्या झाडाची ही शेवटची. तिच्यासोबत कार्ड.

“हे कुणाचं?”

“माझं. घाई नाही,” ओन्नी म्हणाला. “डॉक्टरला आहे थोडी.”

फेब्रुवारीच्या शेवटी तो गेला. पाटी लावायचं मार्चातल्या शनिवारी ठरलं. जमीन इतकी गोठलेली की पुरायचं मे महिन्याशिवाय जमणार नव्हतं, म्हणजे तोवर लेम्पीला बोट ठेवायला ही पाटीच काय ती जागा.

आर्वोने ठरवलं, ओन्नीची पाटी जुन्या मशीनवर नाही करायची. बारा वर्षं तो कंपनीचे नवे सुधारित भाग टाळत होता. आता सगळे मागवले. दात्यांचे पट्टे, फळी किती सरकली ते स्वतःच तपासणारं चाक, नवा कंट्रोल बोर्ड. दहा दिवस त्याने मशीन खोललं आणि जोडलं. जुने पट्टे काढले तर हाताला काचेसारखे गुळगुळीत लागले. त्याने ते जळणाच्या पिंपात टाकले. मग आयुष्यात पहिल्यांदा त्याने मशीन तपासलं: पाइनच्या तुकड्यावर दहा इंचांचा चौकोन कोरला, आणि लेम्पीकडून मागून आणलेल्या ओन्नीच्या फूटपट्टीने मोजला. दहाला दहा, केसभर इकडेतिकडे नाही. वहीत लिहिलं: ‘सगळं नवं. मशीन बरोबर.’

बुधवारी सकाळी त्याने चेरीची फळी लावली आणि कार्ड घातलं. फायलीचं नाव होतं सालमेला-९. पडद्यावर ओन्नीचा ओ नेहमीसारखाच, आडवं अंडं. आर्वोला हसू आलं, मग डोळे पुसावे लागले, मग त्याने बटण दाबलं.

काम तीन तासांचं. पहिली अक्षरं होईपर्यंत तो उभा होता. भुशाखाली काय उठतंय ते दिसत नव्हतं. मग तो घरात खिमा भरलेली पेस्टी गरम करायला गेला. परत आला तेव्हा मशीनचा आवाज बदलला होता. लाकूड खाताना ते घोरतं. आता ते नुसतं शीळ घालत होतं. कोरणी फळीच्या पलीकडे, हवेत फिरत होती.

त्याने मशीन बंद करून भुसा झाडला. अक्षरं ताणल्यासारखी लांबट. ओ अंड्यासारखा. आणि शेवटचा ए फळीच्या टोकावर अर्धा. त्याचा उजवा पाय हवेत गेला होता.

पेस्टी थंड झाली. आर्वोने खिळ्यावरची वही काढली. बिघाड झाला की आधी वही, ही त्याची चाळीस वर्षांची शिस्त. एका कागदावर त्याने ओन्नीच्या फायली तारखेने लिहिल्या आणि शेजारी वहीतल्या नोंदी. जॉन्सन-२: मशीन नवं. पेल्टो-४, मॉर्टन-७: मध्ये काही बदल नाही. मग ‘रबरी पट्टे नवे’, आणि पुढच्याच महिन्यात लिंडक्विस्ट-३. मग पाच, सहा, आठ. पुन्हा ‘पट्टे नवे’, पुन्हा दोन. गेली चार वर्षं पट्टे बदललेच नव्हते, कारण वहीत लिहिलं होतं मशीन बरोबर. आणि आकडा चढत चढत नऊवर आला होता.

पट्टे झिजले की फळी घसरायची, घसरली की अक्षरं आखडायची. शेकड्याला दोन, चार, सात. ओन्नी ते पाटीवर, नाहीतर गॅरेजातल्या कोरून टाकलेल्या तुकड्यांवर मोजायचा आणि पुढची पाटी तेवढी ताणून आखायचा. अंडं काढायचा, म्हणजे गोल यावा. तेरा वेळा. आणि तेराही वेळा जेवणाच्या टेबलावर बसून स्वतःची थट्टा ऐकून घ्यायचा. मरायला टेकलेला असताना स्वतःची पाटीही त्याने आर्वोच्या मशीनची खोड धरूनच आखली होती.

एक शब्द बोलला असता तर आर्वोने पट्टे बदलले असते. असं आर्वोला वाटलं. मग त्याला हेही वाटलं, की आपण पट्टे बदलले नसते, भांडलो असतो.

गुरुवारी लेम्पी पाव घेऊन आली. मंगळवार चुकला म्हणाली. फळी झाकायच्या आत तिने पाहिली. मग तिच्या घशातून हसण्यासारखं काहीतरी आलं, फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा.

“अगदी शेवटपर्यंत गोल काढता आला नाही बाई याला,” ती म्हणाली.

“लेम्पी, चूक त्याची नाही. माझं मशीन चुकत होतं. तो सांभाळून घेत होता. हे बघ, हे आकडे...”

“आर्वो, माझं मन राखायला खोटं बोलू नकोस. तुला जमत नाही.”

“अगं, वही बघ ना!”

“तुझी वही मला काय कळणार? आणि तुझंच मशीन चुकतं हे तू म्हणतोयस, म्हणजे मी फारच वाईट दिसत असणार.” तिने अर्ध्या ‘ए’वर अंगठा फिरवला. “हीच लावायची. हा तोच आहे.”

“पाइनवर पुन्हा करतो. नीट करतो.”

“ही फळी त्याने बाजूला काढून ठेवली होती. हीच.”

शनिवारी हॉल भरला होता. बूट दाराशी, बर्फाचं पाणी फरशीवर, टेबलावर कॉफीची मोठी किटली. बंबखान्याचा प्रमुख रूडी पेरो याने पाटीवरचं कापड ओढलं. आणि तो नेहमीचा हशा आला. वाईट नव्हता. डोळ्यांत पाणी असलेला, मायेचा हशा होता. त्यामुळेच त्याला अडवणं कठीण होतं.

आर्वो वही घेऊन उभा राहिला.

“ऐका. ओन्नीला गोल काढता येत होता. तुमच्यातल्या कुणापेक्षाही चांगला. माझे पट्टे घसरत होते. चौदा वर्षं घसरत होते, आणि तो मोजून...”

“बस खाली आर्वो!” मागून कोणीतरी ओरडलं. “मेल्यावर तरी सोड त्याला!”

पुन्हा हशा. आर्वोने वही उघडली, तारखा वाचायला लागला. दोन, चार, सात. लोकांना वाटलं, ही नेहमीची थट्टा आहे आणि हशाची जागा पुढे येणार आहे, म्हणून ते दम धरून ऐकत राहिले. ती जागा आली नाही. आर्वोचा आवाज मध्येच बसला, तेव्हा रूडीने पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतली लेम्पीही वाजवत होती.

“सुंदर बोललास,” रूडी हळूच म्हणाला. “शेवटी दोष स्वतःवर घेतलास. दोस्त असावा तर असा.”

“रूडी, मी खरं सांगतोय.”

“हो रे, हो.” रूडी भिंतीकडे बघत होता. तिथे ओन्नीच्या पाटीच्या वर तेरा पाट्या ओळीने होत्या: जॉन्सन, पेल्टो, मॉर्टन. “पण एक सांगू? त्या बघ. एकेक ओ कसा नाण्यासारखा गोल आलाय. मशीन मात्र तुझं खरंच भारी होतं.”

आर्वोने वही कोटाच्या आतल्या खिशात घातली. तिथे ओन्नीची फूटपट्टी होती. ती परत करायची राहिली होती. लेम्पी त्याच्यासाठी कॉफीचा कप आणि पावाचा तुकडा घेऊन येत होती. त्याने दोन्ही घेतले.