खुणेचा लाल दोरा

कोरडा गाऊन हातात घेऊन कडककाका बराच वेळ पलंगाशी उभे राहिले आणि मग त्यांनी तो पुन्हा कपाटात ठेवून दिला.

काकू पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. अंगातला गाऊन ओला झाला होता, खालची चादरही ओली होती.

"अहो, गार लागतंय."

"जरा थांब हं. बदलू या," काका म्हणाले आणि खिडकीशी जाऊन रस्त्याकडे बघत राहिले. संस्थेच्या बाई पाहणीला यायच्या होत्या. त्या येईपर्यंत बदलायचं नाही, असं त्यांनी रात्रीच ठरवलं होतं. ठरवताना सोपं वाटलं होतं.

पुढे लाँड्री आणि मागे ही एक खोली, एवढाच त्यांचा संसार. काकांनी इस्त्री केलेला शर्ट खुंटीला न टांगता जमिनीवर सोडला तरी उभा राहील, असं समोरचा न्हावी एकदा गमतीनं म्हणाला होता. तेव्हापासून ते सगळ्या गल्लीचे कडककाका झाले. स्वभावानं मात्र माणूस अगदी मऊ. दुकानात खरा दरारा होता तो काकूंचा. गल्ल्यावर त्या बसायच्या. कुठले कपडे कुणाचे, हे ओळखायला कॉलरच्या आतून लाल दोऱ्याची खूण घालायच्या, दर गिऱ्हाइकाची वेगळी. कुणाला फुली, कुणाला दोन आडवे टाके, चौकातल्या जाड्या वकिलाला एक गोल. एवढ्या वर्षांत एक रुमाल इकडचा तिकडे गेला नाही. घरच्या कपड्यांना मात्र त्या कधी खूण घालत नसत. "आपल्या माणसाला कसली आलीय खूण?" म्हणायच्या.

आणि वरच्या फळीवर, लोक टाकून गेलेले कपडे. कुणी गाव सोडलं, कुणी विसरलं, कुणी मेलंही असेल. काका म्हणायचे, देऊन टाकू कुणा गरजूला. काकू ऐकतील तर शपथ. दर काही महिन्यांनी ते कपडे खाली काढायच्या, झटकायच्या, पुन्हा घडी घालून वर ठेवायच्या. "कपडा आहे म्हणजे माणूस येणार," हा त्यांचा कायदा.

त्याच काकू हळूहळू सगळं विसरत गेल्या. आधी खुणा विसरल्या, मग गिऱ्हाइकं, मग दिवस आणि रात्र. रात्री उठून दाराची कडी काढायच्या. काका उशाशी जागे. दिवसा इस्त्री हातात असतानाच त्यांचे डोळे मिटायचे. एकदा एका कोटाला भोक पडलं. पण कोटाचं काही नाही, भरून देता येतं.

खरं ते एका दुपारी घडलं. काकांनी सकाळपासून घाम गाळून इस्त्री केलेला सगळा गठ्ठा काकूंनी उचलला आणि नळाखाली धरला. काका धावले आणि त्यांचा हात उठला. पडला नाही, पण उठला. काकूंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, लहान मुलीसारखं. थोड्या वेळानं त्या सगळं विसरून गेल्या. काका विसरले नाहीत. त्या दिवसापासून त्यांना स्वतःच्या हाताची भीती वाटू लागली. एकदा उठलेला हात पुन्हा उठणार नाही, याची हमी कोण देणार?

तेव्हापासून त्यांनी शोध सुरू केला. आठवडाभर काकूंना कुणी नीट सांभाळावं, आपण फक्त झोपावं, एवढंच मागणं. पण एक जागा नुसती पैसेवाल्यांची निघाली. दुसरीकडे चालतीफिरती माणसं घेत नव्हते, म्हणे पळून जातात. तिसरीकडचा कारकून म्हणाला, "घरी सांभाळायला कुणी नसेल तर ठेवून घेऊ. तुम्ही आहात ना?"

"मी आहे म्हणूनच तर विचारतोय," काका म्हणाले. कारकुनाला ते काही कळलं नाही.

शेवटी दवाखान्यातल्या नर्सनं ही संस्था सांगितली. आठवडाभराचा सगळा खर्च संस्थेचा निधी करतो, पण जागा थोड्या आणि मागणारे फार. म्हणून आधी बाई घरी येऊन बघून जातात. त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा काकांनी काय करावं? पहाटे उठून फरशी पुसली, चादरी बदलल्या, काकूंचे केस विंचरून दिले. झाकली मूठ सव्वा लाखाची! काकूही त्या दिवशी अशा खुलल्या की विचारू नका. "या, बसा, चहा टाकते," म्हणाल्या. बाईंची कॉलर बघून, "साबण फार वापरता हो तुम्ही," असंही सांगून मोकळ्या झाल्या. बाई हसत हसत गेल्या आणि चार दिवसांनी निरोप आला, तुमच्यापेक्षा जास्त गरजू लोक आहेत.

न्हाव्यानं ऐकून कपाळावर हात मारून घेतला. "अरे कडक, पाहुणी येणार होती का ती? घर कसलं दाखवतोस, हाल दाखव! रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. पुन्हा अर्ज कर, आणि या खेपेला काही आवरू नकोस. जसं असेल तसं दिसू दे."

जसं असेल तसं, असं न्हावी म्हणाला होता. पण काकूंना ओलं कधी बसू दिलं जात नव्हतं. आजचं हे जसं असेल तसं नव्हतंच. हे मांडलेलं होतं.

"अहो, गार लागतंय," काकू पुन्हा म्हणाल्या.

काकांचा जीव गलबलला. मरू दे तो आठवडा, म्हणून ते कपाटाकडे वळले, आणि तेवढ्यात दुकानाच्या दाराशी बाईंचा आवाज आला.

बाई आत आल्या. खोलीतला वास त्यांना आलाच असणार. त्यांना बघताच काकू ताठ बसल्या आणि त्यांनी चादरीचं टोक मांडीवर ओढून घेतलं. बाईंनी एकदा काकूंकडे पाहिलं, मग उघड्या राहिलेल्या कपाटाकडे. तिथे इस्त्री केलेल्या गाऊनची चळत होती, कडेला कड लावून.

"किती वेळ झाला यांना ओलं होऊन?" बाईंनी विचारलं.

उत्तर काकूंनी दिलं.

"आज यांना बरं नाहीये हो," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, जणू काकांना ऐकू जाऊ नये. "नाहीतर ते असं कधी होऊ देत नाहीत. तुम्ही दवाखान्यातल्या ना? जरा बघा ना त्यांना. सांगत नाहीत काही."

धरणीनं पोटात घ्यावं असं काकांना झालं. त्यांनी कपाटातून गाऊन काढला, कोमट पाणी आणलं. बाईंनी न सांगता बाह्या वर सारल्या आणि दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून काकूंना पुसलं, कोरडं केलं. काकू बाईंना पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, "तुम्हाला उगाच त्रास."

पुढे दुकानात आल्यावर काका टेबलाला धरून उभे राहिले.

"मी मुद्दाम ठेवलं होतं तिला तसं."

"कळलं मला. मागच्या वेळी आले होते ना मी. बरं नाही केलंत तुम्ही."

"नाही केलं."

मग काकांनी नळाचं सांगितलं, गठ्ठ्याचं सांगितलं, आणि हाताचंही सांगितलं. सांगताना तो हात त्यांनी पाठीमागे नेला होता.

"हे मागच्या वेळी का नाही बोललात? मला हेच कळायला हवं होतं."

"बायकोवर हात उगारला, हे कुठल्या तोंडानं सांगू, बाई? चाळीस वर्षं दुसऱ्यांचे डाग काढतोय मी."

बाईंनी त्यांची समजूत घातली नाही की पाठीवर हात ठेवला नाही. एवढंच म्हणाल्या, "सोमवारी घेऊन या. आठवडाभर राहू देत. तुम्ही झोपा, आणि न्यायला वेळेवर या. हां, कपड्यांना काहीतरी खूण करून आणा. तिथे सगळ्यांचे एकत्र धुतात, मग सापडत नाहीत."

हवं होतं ते मिळालं होतं. संध्याकाळी न्हावी रस्त्यापलीकडून ओरडला, "काय म्हणालो होतो मी?" काकांनी नुसती मान हलवली. न्हाव्याला वाटलं, आनंदानं बोलवत नाहीये.

रविवारी दुपारी काका काकूंच्या जुन्या डब्यातला लाल दोरा घेऊन बसले. सुई ओवायलाच त्यांना फार वेळ लागला. काकूंच्या कुठल्याही कपड्याला आजवर खूण नव्हती. कुठली घालावी हे सुचेना. शेवटी कुणालाच दिलेली नाही अशी, तीन उभे टाके. एकेका गळ्याच्या आत घालत गेले. वाकडे येत होते.

काकू जवळ येऊन बसल्या. एक गाऊन उचलून त्यांनी आतून टाक्यांवर बोट फिरवलं.

"नवीन गिऱ्हाईक दिसतंय."

"हो."

"टाका काही बरोबर नाही तुमचा. कधी न्यायचेत?"

"आठवड्यानं."

"येणार ना नक्की? विचारून ठेवा हं. काही माणसं टाकून जातात, मग येतच नाहीत." त्यांनी वर फळीकडे पाहिलं. "बघा ना, किती जण."

काकांना पुढचा टाका दिसेना. "येणार गं," ते म्हणाले. "येणारच आहे."

काकूंनी गाऊन मांडीवर घेतला, बाह्या आत दुमडल्या, तळहातानं दाबून सपाट केला. मग दुसरा, मग तिसरा. हात काहीच विसरले नव्हते. सगळी चळत कडेला कड लावून झाली तशी त्यांनी ती उचलून काकांच्या हातात दिली.

"वरच्या फळीवर नका ठेवू हे," त्या म्हणाल्या. "इथेच ठेवा, हाताशी."