सुरयांचं पाणी

मिस्त्रींना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा गॅलरीतल्या त्यांच्या घटपर्णींना भरभरून सुरया लागल्या होत्या. पानाच्या टोकाला लोंबणाऱ्या, झाकणाच्या, पोटात मुंग्या-माश्या जिरवणाऱ्या. स्वतःच्या गॅरेजमधून आलेला हा माणूस हाताचं ग्रीस धुवायच्या आधी त्यांच्यावर पाण्याचा फवारा मारायचा. बायको म्हणायची, "माझ्याकडे कधी इतकं निरखून पाहिलंत का हो?"

दवाखान्यातून ते घरी आले ते उजवी बाजू गमावून, आणि सगळ्या भाषेतला एकच शब्द घेऊन: "हो." डॉक्टरांनी बरंच काही समजावलं होतं. तिच्या कानावर पडलं, डोक्यात शिरलं नाही. नवरा बोलतोय, एवढंच तिला पुरे होतं.

तिने त्यांची खाट गॅलरीच्या दाराशी लावली आणि ज्या झाडांचा आजवर राग राग केला त्यांची सेवा अंगावर घेतली. नळाचं पाणी, रोज न चुकता. मोटारीच्या बॅटरीत घालायच्या पाण्याचे कॅन कोपऱ्यात अडगळ करून बसले होते, ते फरशी पुसण्यात संपवले.

"खत घालू का चमचाभर?"

"हो! हो, हो!" ते डावा हात गादीवर आपटत.

"अहो, कळलं. दोन चमचे घालते."

त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिला वाटायचं, किती बरं वाटतंय त्यांना.

सुरया एकेक करून काळवंडल्या. पानांच्या कडा करपल्या. तिने खत वाढवलं.

मग नणंद भावाला भेटायला आली. गॅलरीत पाऊल टाकलं आणि तिथेच थबकली.

"अगं वहिनी, हे काय केलंस? नळाच्या पाण्यातल्या क्षारांनी मुळं जळतात यांची. बॅटरीचं ते बिनक्षाराचं पाणी दादा यांच्यासाठीच आणायचा. आणि खत? यांना ते अजिबात सोसत नाही!"

"त्यांना विचारूनच घातलं. दर वेळी हो म्हणाले."

नणंद खाटेवर टेकली. "दादा, मी तुझी आई का रे?"

"हो," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

बायकोच्या डोळ्यांपुढे विकलेल्या गॅरेजचे कागद आले. गॅरेज विकायच्या वेळी तिने त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं होतं. दर वेळी हो आलं, शेवटी तर ओरडून. कागदावर त्यांचा डावा अंगठा तिनेच धरून टेकवला होता.

नणंदेने एक युक्ती बसवली. हो असेल तर बोट दाबायचं, नसेल तर सोडून द्यायचं. ती जमली. झाडं मात्र हाती लागली नाहीत; माती बदलली, पावसाचं पाणी घातलं, पण मुळं गेली होती.

"कुंड्या टाकून देऊ?"

त्यांनी बोट दाबलं.

मिस्त्री पुढे दोन वर्षं जगले. ती सगळं विचारायची. खिडकी उघडू का, कूस बदलू का, जेवण अळणी लागलं का. गॅरेजचं तेवढं विचारायला तिची जीभ कधी रेटली नाही. भाजीबाजाराचा रस्ता गॅरेजवरूनच जात होता; भाजी आणायला ती आता लांबचा वळसा घालून जायची.