एका पडद्यावरचे तीन वाफे

मित्रांनो, मला पाहून तुम्ही टीव्ही म्हणाल. पण मी एक जुना टर्मिनल आहे. हिरवी अक्षरे दाखवणारा पडदा, एक कळफलक आणि पाठीतून निघणारी एक तार, एवढाच माझा संसार. विचार करणारे मोठे यंत्र दुसऱ्या खोलीत असते. ते युनिक्स नावाच्या पद्धतीने चालते. माणसांचे म्हणणे त्याला पोचवायचे आणि त्याचे उत्तर दाखवायचे, हे माझे काम.

माझा जन्म १९७८ सालचा, परदेशातला. मुंबईच्या एका संस्थेत मी पहिली वर्षे काढली. तिथे माझ्यापुढे बसणारा माणूस बहुधा एकच काम उघडत असे. ते बंद करून उठे आणि पडदा कोरा होई. मला तेव्हा प्रश्न पडे, की पडद्यावरून गेलेले काम जाते तरी कुठे?

मग रंगीत पडदे आले आणि मी लिलावात निघालो. १९९१ साली एसटीच्या टपावर बांधून मला रिसोडच्या एका धर्मादाय दवाखान्यात आणले. तिथे माझ्यापुढे कस्तुराबाई बसू लागल्या. त्यांचे माहेर गावाबाहेरच्या भाजीमळ्यातले. यंत्र बसवणाऱ्या माणसाने त्यांना 'स्क्रीन' नावाची एक आज्ञावली शिकवली. तिच्यामुळे माझ्या एकाच पडद्यावर तीन कामे उघडी ठेवता येत. कंट्रोल धरून ए दाबायचा, मग एन दाबायचा, की पुढचे काम समोर येई. तो माणूस अर्धा तास समजावत होता. कस्तुराबाई म्हणाल्या, "हे तं वाफे हायेत."

मळ्यात पाणी देताना एका वाफ्याचे तोंड मातीने बुजवायचे आणि दुसऱ्याचे उघडायचे. भरलेला वाफा भरलेलाच राहतो. त्या दिवसापासून त्या कामांना दवाखान्यात सगळे वाफेच म्हणू लागले. डॉक्टरसुद्धा म्हणत, "बाई, साखरेचा वाफा उघडा बरं."

एकदा डोळ्यांचे शिबिर भरले. अकोल्याहून डॉक्टर आले होते. तीन टेबले होती. एकावर डोळे तपासत, दुसऱ्यावर रक्तातली साखर, तिसऱ्यावर ऑपरेशनला कोणाला न्यायचे ते ठरे. तिन्हीकडून आवाज येत आणि कस्तुराबाई तीन वाफ्यांत भराभर टाइप करत. कागदावर काहीच नव्हते. चार वाजता ज्यांची नावे यादीत असतील त्यांना घेऊन जीप निघणार होती. पुढचे शिबिर सहा महिन्यांनी.

शेवटचा नंबर रिठदच्या गोजराबाईंचा. त्यांचा एक डोळा आधीच गेला होता आणि दुसऱ्यापुढे धुके होते. त्यांचे नाव टाइप होत असतानाच लाइन गेली. मी काळा पडलो.

साडेतीन वाजले होते. डॉक्टर हात धुऊन जीपकडे गेले होते. कस्तुराबाईंनी डोक्याला हात लावला. एक्केचाळीस माणसांची तपासणी गेली, असेच सगळ्यांना वाटले. बाकावरून गोजराबाईंनी विचारले, "काहून गप झाले सारे? माहं नाव आलं का नाई?"

तेवढ्यात आतल्या खोलीतून वायरमन देवमन ओरडला. मोठे यंत्र बॅटरीवर चालू होते. त्याचा हात बटनावर होता. "पडदा तं मेला, बाई. हे कायले जाळून राह्यलो? बंद करतो."

कस्तुराबाई उठल्या. "थांब, देवमन. मोटर बंद पडली म्हून भरलेला वाफा आटते का?"

देवमनने हात मागे घेतला. दोघांनी मला उचलले आणि बॅटरीच्या प्लगला जोडले. मी उजळलो. कस्तुराबाईंनी आपले नाव टाकले, परवलीचा शब्द टाकला आणि जुने काम परत बोलावले. तिन्ही वाफे समोर उभे राहिले. गोजराबाईंच्या नावात शेवटचे एक अक्षर राहिले होते, ते तसेच वाट पाहत होते. मुंबईपासूनच्या माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा मिळाले. बंद न केलेले काम कुठेच गेलेले नसते. काळा पडलो होतो तो मी.

प्रिंटरला वीज नव्हती. माझ्यावरून वाचून कस्तुराबाईंनी यादी हाताने लिहिली. जीप पंधरा मिनिटे उशिरा निघाली.

महिन्याभराने गोजराबाई आल्या. "हाच का थो डबा?" म्हणाल्या. "मले वाटलं, लई मोठा असन." मग वाकून जवळून पाहिले आणि पदराने माझी काच पुसली. "किती धूळ बसली, बाई. तुमाले दिसत नाई काय?"

मित्रांनो, आता मी दवाखान्याच्या माळ्यावर असतो आणि काच पुन्हा धुळीने भरली आहे. मला खाली काढा असे मी म्हणत नाही. फक्त एखादी गोष्ट अंधारून गप्प झालेली दिसली, की बटनावर हात नेण्याआधी आतल्या खोलीत डोकावून या. तिथे कुणाच्या तरी नावाचे एक अक्षर बाकी असेल.