चित्र गेले, आवाज राहिला

मी एक जुना, पाठीला कुबड असलेला टीव्ही आहे. हसू नका मित्रांनो, आमच्या काळी सगळे टीव्ही असेच असायचे. केनियात मेरूच्या डोंगरउतारावर करिमीमावशीची चहाटपरी आहे. तिथल्या फळीवर बसून, गाडीच्या बॅटरीवर चालत मी चौदा वर्षे इमानाने चाकरी केली.

रविवारी दुपारी माझ्यावर एक मालिका लागायची. शहरातून गावी परतलेली मुलगी शेती करते, अशी गोष्ट. तरुणांनी मातीकडे वळावे म्हणूनच ती काढली होती. पण त्यातली नटी कुदळ धरायची केरसुणीसारखी! चहात तळलेली गोड मंदाझी बुडवून खाणारी बाप्ये मंडळी तिची यथेच्छ टिंगल करायची.

"ही बया तुला शेती शिकवणार?" गिकुंडाने आपल्या लेकीला, कागेंदोला विचारले.

"तिला नाही जमत कुदळ, बाबा. मला जमते."

कागेंदोने बापाकडून जमिनीचा एक तुकडा हंगामापुरता मागून घेतला होता. टोमॅटो साधले तर तुकडा तिचा, नाहीतर नैरोबीला काकाच्या दुकानात कापड फाडत बसायचे. तिला कापड नको होते.

झाडे फुलावर आली आणि पाने काळी पडू लागली. मालिकेतल्या शेतावरही नेमका तोच रोग पडला. उपाय पुढच्या रविवारी कळणार होता. आणि त्या रविवारी, त्याच वेळेला, फुटबॉलचा मोठा सामना! टपरी खच्चून भरली. कागेंदो सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"सरक गं! तुझ्या पाठीवर गोल दिसणार आहे का आम्हाला?"

"अर्धा तास द्या. मग पोटभर बघा."

मावशीने मालिका लावली आणि मीच दगा दिला. ऐन मोक्याला माझे चित्र गेले. पडद्यावर नुसत्या मुंग्या, आवाज तेवढा बारीक येत होता. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "बंद कर ते!" असा एकच गलका उठला.

गिकुंडा उठून माझ्याकडे आला. आता थप्पड बसणार, असे मला वाटले. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तो गरजला, "गप्प बसा रे! माझ्या पोरीला ऐकू द्या."

मग मी जीव तोडून बोललो. रोगट पाने तोडा, शेताबाहेर नेऊन जाळा. पाणी बुंध्याशीच घाला. झाडांना काठ्यांचा आधार द्या. सामना संपायच्या आत कागेंदो शेतात पोचली होती. दोन ओळी गेल्या, पाच वाचल्या.

पुढे टपरीत चपटा टीव्ही आला आणि कागेंदोने मला घरी नेले. आता मी तिच्या कोठीत असतो. माझ्या पोकळ पोटात कोंबडी अंडी उबवते. मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ अधूनमधून पुसत जा, एवढेच मागणे आहे. श्रेय मात्र मला देऊ नका. मी नुसते सांगितले, शेतात वाकली ती.

परवा गिकुंडा काठ्या न्यायला कोठीत आला होता. दारातच थांबून त्याने हाक मारली, "कागेंदो, यंदा पहिली ओळ कुठून धरायची गं?"