मूठभर कणीक

मी विजेचा गोल ओव्हन. अॅल्युमिनियमचा, झाकणाला काचेचा एक डोळा असलेला. त्या डोळ्यासमोर जे घडलं, तेवढंच सांगतोय.

१९७३ साली राजारामपुरीतल्या पद्मजाबाईंनी मला घरी आणलं, ते नानकटाईसाठी नव्हे. त्यांची नऊ वर्षांची नंदिनी सारखी पोटाने आजारी. हातापायांच्या नुसत्या काड्या. डॉक्टरांनी बजावलं, "पिठूळ काही नको. गहू, तांदूळ, ज्वारी, बटाटा, साबुदाणा, सगळं बंद. बदामाचा पाव करून द्या."

सासूबाईंना, म्हणजे माईंना, मी पहिल्याच दिवशी खटकलो. पावात अंडी पडणार म्हणून मला स्वयंपाकघरात थारा नव्हता. मागच्या व्हरांड्यात स्टुलावर बसवलं. "या डब्यातलं अन्न पोरीला बाधेल," असं त्या येताजाता म्हणत. तरी बदाम भिजवणं, सोलणं, वाळवणं आणि जात्यावर हलक्या हाताने दळणं त्यांनीच अंगावर घेतलं. अंडी-लोणी घालून भाजायचं काम पद्मजाबाईंचं.

पाव भुसभुशीत व्हायचा, सुरी लावताच चुरा. पण दोन महिन्यांत नंदिनीच्या गालांवर मांस चढलं.

मग एके दिवशी पाव एकदम नीट जमला. काप सुटे निघाले. पद्मजाबाई खूश झाल्या. मला मात्र वास वेगळा आला. नुसते बदाम भाजल्यावर असा वास येत नाही. पण माझी शंका कोण ऐकणार?

पंधरा दिवसांत नंदिनीचं पोट पुन्हा बिघडलं. संशय गेला धोंडुबाईवर. ती भांडी घासायची आणि व्हरांड्याच्या पायरीवर आपली भाकरी खायची. नंदिनी तिच्याजवळ जाऊन बसे.

"हिला भाकरी देतेस ना?" पद्मजाबाईंनी विचारलं.

"न्हाय वो वैनी. पोरगी मागती, पर म्या तुकडा बी दिल्याला न्हाय."

"मग पोट कशानं बिघडतंय?"

"मला काय ठावं? पर माज्या भाकरीवर आळ घेऊ नगा."

पद्मजाबाईंनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. माई दारात सूप घेऊन उभ्या होत्या. त्या वळल्या आणि सूप घेऊन आत गेल्या.

धोंडुबाई गेली, दुखणं राहिलं. पुढच्या आठवड्यात माई बहिणीकडे हातकणंगल्याला गेल्या. पद्मजाबाईंनी स्वतः बदाम दळले, पाव भाजला. काढताच चुरा झाला. माईंच्या पिठाच्या पावाचा तर होत नव्हता. मग माईंच्या डब्यातलं उरलेलं पीठ ताटलीत घेतलं, पाणी घालून मळलं. गोळा लवचिक झाला. ओढला तर लांबला.

माई परतल्यावर ताटली त्यांच्यापुढे आली.

"माई, यात काय आहे?"

माई खालीच बसल्या. "मूठभर कणीक. शाळेच्या डब्यात नुसता चुरा न्यायची गं नंदिनी. मुली 'भुसा खाते' म्हणून हसायच्या. रडत यायची. एवढ्यानं काय होतंय, वाटलं."

"आणि धोंडुबाईला मी घालवली तेव्हा?"

माईंनी तोंडाला पदर लावला.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्या धोंडुबाईच्या घरी जाऊन आल्या. आल्या त्या माझ्यापाशी बसल्या आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने अंडं फोडलं. त्यात नुसतं बदामाचं पीठ मळून पापडासारखं पातळ थापलं, चौकोन पाडले, कडक भाजले. या पापड्या मोडल्या तरी चुरा होईना. नंदिनी डबा भरून नेऊ लागली. दुखणं हळूहळू ओसरलं.

महिन्याभराने मागच्या दारी धोंडुबाईची हाक आली. "पोरीला बघाय आलोय. कामाला न्हाय."

माईंनी पाट मांडला, पापडी पुढे केली. धोंडुबाईने ती उलटसुलट पाहिली, हुंगली, मगच चावली. "ब्येस हाय," म्हणाली. पण पाटावर बसली नाही. उभ्यानेच गेली.

आता १९८६ आहे. माझी तार जळून गेली. कुणी दुरुस्त करेल असं दिसत नाही. जाता जाता एवढंच मागतो. घरात काही बिनसलं तर संशय खुशाल माझ्यासारख्यावर घ्या. आम्हा वस्तूंना अब्रू नसते.