दोन कॅलेंडरे आणि एकोणीस ऑक्टोबर

मी एक जुने, भिंतीवरचे कॅलेंडर आहे, मित्रांनो. सन दोन हजार वीसचे. बारा पानांपैकी माझे आता एकच पान उरले आहे, ऑक्टोबरचे, आणि तेही एका फायलीत. माझ्या गोष्टीत मत्सर पुष्कळ आहे. तो मी लपवणार नाही, कारण लपवलेल्या गोष्टीतून तुम्ही काय शिकणार?

पुण्यातल्या एका छापखान्यात मी जन्मलो. ताज्या शाईचा वास अंगाला असतानाच संध्याच्या आईने मला गुंडाळून, भाजणीच्या पिशवीला टेकवून, बॅगेत भरले. बॅग उघडली ती नेदरलँड्समधल्या डीमन गावी, चौथ्या मजल्यावरच्या घरात. तिथे संध्या, तिचा नवरा हरीश आणि त्यांची आठ वर्षांची भार्गवी राहत. घरमालक भिंतीला खिळा मारू देत नसे, म्हणून हरीशने स्वयंपाकघरात चिकटणारा हुक लावून मला टांगले.

सुरुवातीचे दिवस मानाचे होते. चतुर्थी कधी, एकादशी कधी, सारे मला विचारून चाले. मार्चमध्ये महामारी आली. शाळा बंद झाली, हरीशचे स्लोटरडाइकचे ऑफिसही बंद झाले आणि त्याचा लॅपटॉप माझ्याच खाली जेवणाच्या टेबलावर आला. सगळे घर दिवसभर माझ्यासमोर. मला तर बरेच वाटले.

मग जूनमध्ये भार्गवीचा वाढदिवस आला. शेजारच्या मारिकेआजींनी दाराबाहेर एक भेट ठेवली आणि चार पावले मागे सरून हात हलवला. भेट म्हणजे एक कॅलेंडर होते! लांबट, फुलांच्या चित्रांचे. त्यात वार नव्हते, वर्षही नव्हते. नुसत्या तारखा आणि प्रत्येकीपुढे नाव लिहायला एक रेघ. तिकडे घरोघरी असे वाढदिवसांचे कॅलेंडर असते आणि ते टॉयलेटमध्ये लावतात.

संध्या दचकली. "आमच्यात कॅलेंडर संडासात लावत नाहीत हो," ती अडखळत डचमध्ये म्हणाली. मारिकेआजींनी शांतपणे विचारले, "मग तुम्हाला निवांत वाचायला दुसरीकडे कुठे मिळतं?"

भार्गवी इतकी हसली की ते तिथेच लागले.

मला त्याची जागा नको होती, मित्रांनो. मला हेवा वाटला तो त्याच्या आयुष्याचा. मी एकतीस डिसेंबरला संपणार. ते मात्र पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, कायम तिथेच राहणार. भार्गवी रंगीत पेन घेऊन त्यात नावे लिहू लागली. आईचे, बाबांचे, पुण्याच्या मनोहरआजोबांचे, म्हणजे बाबांच्या काकांचे. टेबलावर बाबांचे राहण्याच्या परवान्याचे कार्ड पडले होते. त्यावरची मुदतीची तारीख वाचून तिने विचारले, हा कार्डचा बर्थडे का? हरीश हसून हो म्हणाला. तिने लिहून टाकले, एकोणीस ऑक्टोबर, कार्ड. माझ्या चौकोनांत मात्र तिने कधी एक ठिपकाही काढला नव्हता. दाराआडच्या त्या कॅलेंडरावर मी मनात जळत राहिलो.

त्या कार्डात काय एवढे होते, तेही सांगतो. परक्या देशात काम करायला जाणाऱ्याला ठरावीक मुदतीचा परवाना मिळतो. तिथे सलग पाच वर्षे राहिले, भाषेची परीक्षा दिली, तर कायम राहण्याचा परवाना मागता येतो. पण सलग म्हणजे सलग. हरीशची पाच वर्षे पुढच्या मार्चमध्ये भरणार होती. त्याआधी जुना परवाना वाढवून घ्यायचा होता आणि तो अर्ज मुदतीच्या तारखेच्या आदल्या दिवसापर्यंत पोचायला हवा होता. एका दिवसाचा खंड पडला तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार होती.

हरीशने फक्त सही करून कागद ऑफिसातल्या पद्मजाकडे पाठवायचे होते. अर्ज ती भरणार होती. सप्टेंबरात कागद तयार झाले आणि त्याच दिवशी मनोहरकाकांचा फोन आला. हरीशचे वडील दोन वर्षांपूर्वी गेलेले, काका म्हणाले, "अरे, पितृपक्षात एवढं मोठं काम काढतोस? पंधरा दिवस थांब."

हरीशने माझ्याकडे पाहिले. पितृपक्ष संपत होता सतरा सप्टेंबरला आणि त्या वर्षी लगेच अधिक महिना लागत होता. काकांनी तोही पाळायला सांगितला. एरवी हरीश असले काही मानणारा नव्हता. पण ते वर्षच असे होते की कुणाला काही विषाची परीक्षा नको होती. घटस्थापना सतरा ऑक्टोबरला, मुदत एकोणीसला. दोन दिवस हातात आहेत, असे त्याने ठरवले. पद्मजाच्या प्रत्येक मेलला तो 'पुढच्या आठवड्यात' असे उत्तर देत राहिला.

खरे सांगू? मी फुशारलो. माझ्या बारीक अक्षरांवर सगळे घर थांबले होते. टॉयलेटमधल्या त्या फुलवाल्याला अधिक महिना ठाऊक तरी होता का?

सोळा ऑक्टोबर उजाडला. दुपारी भार्गवी टॉयलेटमधून बाहेर आली ती थेट माझ्यापुढे उभी राहिली. तिकडच्या कॅलेंडरात तारीख होती, पण वार नव्हता. तो बघायला ती माझ्याकडे आली होती. पहिल्यांदाच! तिचे ओले बोट माझ्या चौकोनांवरून सरकत गेले.

"बाबा, कार्डचा बर्थडे मंडेला आहे," ती म्हणाली. "त्याच्या आधी तर वीकेंड आहे. तुझं ऑफिस वीकेंडला काम करतं?"

हरीशने लॅपटॉपवरून मान वर करून माझ्याकडे पाहिले. घटस्थापना शनिवारी होती. शनिवारी, रविवारी पद्मजा नव्हती आणि सोमवारी मुदत संपलेली असणार होती. हातात उरले होते शुक्रवारचे दोन तास. आणि त्या शुक्रवारी माझ्या चौकोनात छापलेले होते: अधिक अमावास्या.

"आज अमावास्या आहे," हरीश हळूच म्हणाला.

संध्याने कणकेचा हात पुसला आणि पेन त्याच्यापुढे ठेवले. "हरीश, तुझे बाबा पोस्टात होते. वेळ टळल्यावर आणलेलं पाकीट त्यांनी कधी खिडकीतून आत घेतलं का?"

त्याने सही केली. कागद गेले आणि पाठोपाठ फोन. पद्मजा नागपूरची, बोलायला रोखठोक. लॅपटॉप मिटून ती आठवडाभर सुट्टीवर निघाली होती. ती म्हणाली, "तीन मेल केले तुला. मुहूर्त बघत होतास ना? आता घरच्यांनी विचारलं तर माझं नाव सांग." अर्ज पोचल्याची पावती आली, तेव्हा पाच वाजायला काही मिनिटे होती.

त्या दोन तासांत मी भिंतीवर लटकून काय शिकलो म्हणता? माझी बारीक अक्षरे मी थोर समजत होतो, पण त्यांच्यामुळेच हे घर संकटात आले होते. दाराआडच्या कॅलेंडराने तारीख राखली, मी वार सांगितला. एकट्याने आम्ही दोघेही अपुरे होतो.

एकतीस डिसेंबरला मला उतरवले. माझ्या गुळगुळीत पानांची संध्याने डच परीक्षेच्या पुस्तकांना कव्हरे घातली. ऑक्टोबरचे पान तेवढे हरीशने कापून फायलीत ठेवले. परीक्षा महामारीमुळे पुढे गेली होती, ती त्याने वसंतात दिली. दोन हजार एकवीसच्या ऑगस्टमध्ये कायमच्या परवान्याचे पत्र आले आणि त्याच फायलीत, माझ्या अंगावर विसावले. मुदत नसलेल्या त्या कागदाचा मला पुन्हा हेवा वाटला. सवय काही लगेच जात नाही.

इतक्यात बाहेरून भार्गवीचा आवाज आला. वाढदिवसांच्या कॅलेंडरातले कार्डचे नाव खोडून एक नवे लिहिल्याचे ती आईला सांगत होती: एक जानेवारी, जुने कॅलेंडर.

"कॅलेंडरचा कसला गं वाढदिवस?" संध्याने विचारले.

"ते जानेवारीत सुरू झालं ना? मग तोच," ती म्हणाली. "आता दरवर्षी येईल."

मित्रांनो, तुमच्याही घरी भिंतीवर माझा कुणी भाऊ टांगलेला असेल. त्याला एकच वर्ष आहे. महत्त्वाचे काम असेल, तर तारखेबरोबर वारही बघा आणि शेवटच्या चौकोनाची वाट पाहू नका. आणि डिसेंबर संपला की त्याचे एखादे पान जपून ठेवा. दर एक जानेवारीला, एका टॉयलेटच्या दाराआड, माझे नाव कुणीतरी वाचते. तेव्हापासून मी त्या फुलवाल्यावर जळत नाही.