अर्धा तास काही खायचं नाही

चिंगीच्या आईने पर्सच्या आतल्या कप्प्यातून लिंबाची गोळी काढली, कागदाचा आवाज होऊ न देता सोलली आणि लेकीच्या तोंडात सारली.

"पण त्या ताई म्हणाल्या ना, काही खायचं नाही," चिंगी गोळी गालात फिरवत म्हणाली.

"हळू बोल. एका गोळीने काही होत नाही."

एका गोळीने नक्की काहीतरी होईल, याच भरवशावर तिने ती दिली होती. तपासणीच्या ताईंनी आल्याआल्याच बजावलं होतं, की थुंकीचा नमुना द्यायच्या आधी अर्धा तास तोंडात काही टाकू नका, नाहीतर नमुना बाद. बाद म्हणजे सुटका. पुन्हा रजा काढून इथे यायला ती काही वेडी नव्हती.

चिंगी दिवस भरायच्या कितीतरी आधी जन्मली होती. काचेच्या पेटीत राहिलेली ती मूठभर पोर आता दुसरीत होती. जाड भिंगांचा चष्मा, थंडीत वाजणारी छाती आणि दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. दवाखान्याने त्या वेळच्या सगळ्या मुलांना पुन्हा बोलावलं होतं, आणि सोबत आई आणि आईची आईही. मूल पोटात असताना आईचा रक्तदाब वाढला, तिची उपासमार झाली, घरात विडी-सिगारेटचा धूर असला, तर बाळाच्या जनुकांवर बारीक खुणा बसतात, असं ताईंनी तिघींना समोर बसवून सांगितलं होतं. जनुक बदलत नाही, पण त्याचं काम कमीजास्त होतं. काही खुणा पुढे पुसल्या जातात, काही बहुधा राहतात. त्या आजीपासून नातीपर्यंत पोचतात का, तेही बघायचं होतं.

"यात कुणाचा दोष काढायचा नाहीये हं," ताई शेवटी म्हणाल्या होत्या.

दोष काढायचा नाही असं कुणी म्हटलं, की चिंगीच्या आईला तो आपलाच काढलाय असं वाटे. ती एका हॉटेलच्या लाँड्रीत मुकादम होती आणि खुणा तिला कुणी शिकवायला नको होत्या. चादर कितीही उकळा, कोपऱ्यातली धोब्याची खूण जात नाही. कुठून आली ते ती सांगतेच.

चिंगीच्या वेळी ती तिथे वाफेच्या इस्त्रीवर उभी राहायची. पाय सुजले तेव्हा नवऱ्याच्या चपला घालून कामावर जायला लागली, आणि बरोबरच्या बायकांनी टर उडवली तेव्हा स्वतःही हसली. डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तरी तपासणी पुढे ढकलत राहिली, कारण जुन्या मुकादमबाई निवृत्त होणार होत्या आणि साहेब त्यांच्या जागी कुणाला तरी हेरत होते. जागा मिळाली. त्याआधी चिंगी आली. इतके दिवस काही जाणवलं कसं नाही, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिने नाही म्हणून सांगितलं होतं. नवऱ्यालाही तेच सांगितलं होतं, आणि अजून तेच चालू होतं.

दार उघडून ताई बाहेर आल्या.

"चला चिंगीबाई. काही खाल्लं नाही ना?"

"लिंबाची गोळी. आईने दिली," चिंगीने खरं ते सांगून टाकलं. "आणि आजीने तिच्या पिशवीतली खाल्ली. पेपरमिंटची."

बाकाच्या टोकाला बसलेल्या आजीने रुमाल तोंडाशी धरला. रुमालाआड गाल फुगलेला होता.

ताई हसल्या. "हरकत नाही. चूळ भरा आणि अर्धा तास बसा. मी कुठे जात नाही."

एवढी हुशारी केली आणि वाट्याला काय आलं, तर अर्धा तास. चिंगी कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जाऊन आरशात स्वतःला वेडावत चुळा भरू लागली. बाकावर मायलेकी राहिल्या.

"आई, तुला गोड बंद आहे ना? मग का खाल्लीस?"

"तू का दिलीस तिला?"

आजी गोळीच्या कागदाच्या घड्या घालत राहिली.

"तूही दिवस भरायच्या आधीच आलीस," ती म्हणाली.

"माहितीये. मला घाई फार." हा घरातला जुना विनोद होता.

"तुला कसली घाई! मी जेवत नव्हते. तुझ्या वडिलांशी बिनसलं आणि मी अन्नावर राग काढला. कुणीतरी समजूत काढेल म्हणून रोज ताट सरकवायचे. कुणी आलं नाही. तू आलीस." तिने चिंगीकडे पाहिलं. "आज ती तपासणीवाली मुलगी आजी-नात करायला लागली, तेव्हा मला धडकीच भरली. म्हटलं, पोरीची छाती, तो चष्मा, सगळं माझ्यापासून निघालं असेल तर?"

असं नसतं गं, असं चिंगीच्या आईला म्हणायचं होतं. पण हे वाक्य तिला स्वतःला अनेकांनी ऐकवलं होतं आणि ते कधीच उपयोगी पडलं नव्हतं.

"माझे पाय सुजले होते," ती म्हणाली. "मला कळत होतं, आई. मी सांगितलं नाही."

"बघितल्या होत्या मी त्या चपला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला ती जागा हवी होती." आजीने कागद मुठीत चुरगळला. "बोलायला हवं होतं."

चिंगीच्या आईला राग आला, आणि तो टिकला नाही. तिने आईच्या मुठीतून तो चुरगळलेला कागद काढून घेतला आणि आपल्या पर्समध्ये टाकला.

अर्ध्या तासाने ताईंनी पुन्हा दार उघडलं. "कोण येतंय पहिलं?"

चिंगी पुढे धावली, पण आजीने तिला खांद्याला धरून मागे घेतलं.

"माझ्यापासून सुरू करा," आजी म्हणाली.

आत थुंकी गोळा करायची नळी हातात मिळाली खरी, पण आजीच्या तोंडाला कोरड पडली होती.

"आजी, लिंबू आठव! चिंच आठव!" चिंगीचं सुरू झालं.

चिंगीच्या आईने एक हात आईच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्याने नळी तिच्या ओठांशी धरली.

"सावकाश, आई," ती म्हणाली. "घाई कुणालाच नाही."